शून्य निकाल

४ जून

शहाण्या,

तू फोन उचलत नाहीस आणि मेलला उत्तर देत नाहीस, म्हणून कागदावर लिहिते आहे. कागद फाडायचा म्हटला तरी आधी हातात घ्यावा लागतो, आणि तू फाडण्याआधी वाचशीलच. लहानपणी मार खातानासुद्धा तुला आधी कारण ऐकायचं असायचं.

गैरसमज नको, मला मायेचा उमाळा वगैरे आलेला नाही. काम आहे. तुझ्या त्या टूलचं मॅन्युअल पुन्हा लिहायचं ठरलंय. कंपनीच्या लाखो ओळींच्या कोडमध्ये एखादं नाव कुठेकुठे वापरलंय ते शोधून देणारं टूल, ज्याच्या फुशारक्या तू दोन वर्षं जेवणाच्या टेबलावर ऐकवल्यास. ते तुझ्यावाचून व्यवस्थित चालू आहे. फक्त आता माणसं ते वापरत नाहीत, एआयवर चालणारे एजंट वापरतात. कोणीतरी दोन ओळींत काम सांगतं, मग हे एजंट स्वतःच कोड शोधतात, वाचतात, बदलतात आणि 'झालं' म्हणून कळवतात. त्यांच्यासाठी मी मॅन्युअल लिहायचं. बावीस वर्षं माणसांसाठी लिहिलं, ते एकाने वाचलं नाही. आता यंत्रांपुढे वाचन.

हे काम मधाळ साहेबाने गळ्यात मारलंय. तो अजून तसाच आहे, बोलण्यात साखर आणि सही करायची वेळ आली की गायब. मी अजून प्रिंटरशेजारी बसते, तिथे येऊन दोन्ही हात जोडून म्हणाला, मॅडम, एजंटना कळेल असं तुमच्याशिवाय कोण लिहिणार. मागच्या वेळी काय झालं ते त्याला आठवत नसावं, किंवा चांगलंच आठवत असावं.

तर प्रश्न. एक, टूल किती मोठी फाइल वाचायची सोडून देतं? दोन, सोडली तर तसं सांगतं, की गप्प बसतं? तिसरा प्रश्न नाही. दोन ओळींत उत्तर दे, निबंध नको.

लसी नासल्या त्या प्रकरणाच्या चौकशीचा अंतिम अहवाल महिनाअखेरीला सही होऊन ग्राहकांकडे जाणार आहे. कारण म्हणून त्यात तुझं नाव आहे. या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात, तेव्हा त्यानंतर तुला कोण दारात उभं करेल ते तुझं तू बघ. मी फक्त कळवलं.

आई बरी आहे. तुझं नाव घेत नाही. जिने तीस वर्षं नर्स म्हणून लहान मुलांना लसी टोचल्या, तिच्याकडून दुसरी काय अपेक्षा होती तुझी?

ताई


११ जून

शहाण्या,

उत्तर नाही. ठीक आहे. रुसून बसण्यात तुझा हात धरणारा आपल्या घरात कोणी झाला नाही.

तुझ्यावाचून माझं अडत नाही, हे सांगायला लिहिते आहे. मी एजंटलाच समोर बसवून मॅन्युअल तपासते. एक पान लिहायचं, त्याला एक काम द्यायचं आणि तो पानाप्रमाणे काय करतो ते बघायचं. मी त्याला ठोंब्या म्हणते. 'आधी नाव शोधा' लिहिलं की तो आधी नाव शोधतो. 'एकदा' लिहिलं की एकदाच शोधतो, दुसऱ्यांदा शोधायची गरज डोळ्यांसमोर नाचत असली तरी. इतका आज्ञाधारक वाचक मला जन्मात मिळाला नव्हता, आणि इतका मठ्ठही.

माणूस मॅन्युअल कसा वाचतो ते तू पाहिलंयस. तो वाचतच नाही. अडला की शेजारच्याला विचारतो, शेजारचा चुकीचं सांगतो आणि मग दोघं मिळून मॅन्युअल लिहिणारीला नावं ठेवतात. मी पान सतरावर काय लिहिते याची कोणाला पडलेली नसते, म्हणून तर मला पान सतरावर वाट्टेल तितकं सुंदर लिहिता आलं. ठोंब्या मात्र पान सतरा वाचतो, आणि वर त्यावर विश्वास ठेवतो.

दीड वर्षापूर्वी, त्या प्रकरणाच्या वेळीही असाच एक मठ्ठ बसवला होता. त्याला सांगितलं, वापरात नसलेला कोड काढून टाक. रुग्णालयांतल्या औषधांच्या फ्रीजचं तापमान चढलं की भोंगा वाजवणारा कोड त्याच्या हाताला लागला. हा कोण वापरतं, असं त्याने तुझ्या टूलला विचारलं. टूल म्हणालं, शून्य निकाल. ठोंब्याने कोड उडवला, आणि वर एका भरपगारी माणसाने न वाचता होकार दिला. वापर होता, पण तो त्या अजस्र फाइलमध्ये होता, जिच्यात सगळ्या रुग्णालयांच्या सगळ्या फ्रीजची यादी आहे. ती फाइल मोठी, म्हणून तुझं टूल तिला हात लावत नाही. तीन दिवस भोंगे मुके. एका रुग्णालयात फ्रीजचं दार किलकिलं राहिलं आणि लसींचा सगळा साठा फेकावा लागला. मुलांना कडेवर घेऊन आलेल्या आया तशाच परत गेल्या. कोणी दगावलं नाही, हे नशीब. आईला हे सगळं मीच सांगितलं, कोणीतरी सांगायला हवंच होतं.

तू चौकशी समितीपुढे म्हणालास की टूल मोठ्या फाइल्स सोडतं हे तू मला मॅन्युअलसाठी लिहून दिलं होतंस. त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, मला आठवत नाही. त्यावर तू जो चेहरा केलास तो मी विसरलेले नाही. अरे, माणसाला रोज पन्नास चिटोरी येतात. आणि तुझं चिटोरं म्हणजे काय, एका वाक्यात एक 'बहुधा', एक 'शक्यतो' आणि तीन स्वल्पविराम. शाळेपासून तुला एक सरळ वाक्य लिहिता आलं नाही.

माझे दोन प्रश्न अजून उभे आहेत.

ताई


१९ जून

शहाण्या,

मागचं पत्र टपालात टाकून परत आले आणि मला कळलं की मी काय लिहून बसले. जे आठवत नाही त्यातले स्वल्पविराम मोजले. तुला हे वाचून हसू आलं असेल. हस. मी तुझ्या जागी असते तर पत्राची प्रत काढून समितीला पाठवली असती.

मला आठवतं. तेव्हाही आठवत होतं. तू लिहिलं होतंस: 'शून्य निकाल आला तर बहुधा वापर नसावा, पण टूल मोठ्या फाइल्स सोडून देतं, आणि सोडल्याचं सांगत नाही, म्हणून शक्यतो अशा फाइल्स हाताने तपासाव्यात.' मी त्याचं केलं: 'शून्य निकाल म्हणजे वापर नाही.' आणि स्वतःवर खूश होऊन चहाला गेले. माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हापासून माहीत आहे, आणि पहिल्याचा आकडा कोणीही सांगितला असता. तू लिहावंस म्हणून विचारले होते, नाहीतर तुला पत्र लिहायला मला तोंड नव्हतं.

साहेबाने एका पानात बसवा म्हटलं होतं, असं मी स्वतःला दीड वर्ष सांगत आले. खोटं आहे. त्या पानाखाली चार बोटं जागा उरली होती. खरं कारण असं की त्याच आठवड्यात तू घरी, जेवताना, पाहुण्यांसमोर म्हणालास, ताईचं काम म्हणजे आम्ही शिवलेल्या कपड्यांवर इस्त्री फिरवणं. सगळे हसले. आईसुद्धा हसली. मग मी तुझ्या वाक्यावर इस्त्री फिरवली. शिवाय यंत्र काय वाचणार आणि त्याला 'बहुधा' काय कळणार, असंही वाटलं. तुझी आणि त्याची, दोघांचीही मला सारखीच किंमत वाटत होती.

आता या आठवड्याचं. साहेबाने मला त्या प्रकरणाचे लॉग आणून दिले. एजंट काम करताना काय केलं आणि का केलं ते टिपत जातो, त्या टिपणांची चारशे पानं. म्हणाला, मॅडम, एजंट कसे वाचतात त्याचा तुम्हाला अभ्यास होईल. पानं नवीकोरी होती, एका पानाचा कोपरासुद्धा दुमडलेला नव्हता. समितीत सात माणसं होती, तीन बैठका झाल्या, दोन वेळा जेवणं झाली, आणि ज्याने कोड काढला त्याने लिहिलेलं कोणी उघडून पाहिलं नाही. मी तीन दुपारी खिडकीशी बसून वाचलं. खाली आवारात ट्रक मागे घेताना कोणीतरी सारखं ओरडत होतं, त्यामुळे काही ओळी मी दोनदा वाचल्या असं आधी मला वाटलं.

आवाजामुळे नव्हे. तीनशे बाराव्या पानावर ठोंब्याने लिहिलंय, या फोल्डरमध्ये एक फार मोठी फाइल दिसते, टूलने ती वाचली का ते कळत नाही. पुढे लिहिलंय, भोंग्याचा कोड सहसा कोणीतरी वापरत असतो, म्हणून ही फाइल वेगळी उघडून बघावी का? आणि त्याखाली लिहिलंय: 'मॅन्युअल पाहिलं. शून्य निकाल म्हणजे वापर नाही. मॅन्युअल स्पष्ट आहे. पुढे जातो.'

त्याला शंका आली होती. मी ज्याला मठ्ठ म्हणते त्याला तुझ्यासारखीच शंका आली होती, अगदी 'सहसा'सकट. त्याने ती माझ्या वाक्याला विचारली आणि माझ्या वाक्याने त्याला गप्प बसवलं.

मी ते पान बाहेर काढून पर्समध्ये ठेवलं. का, ते विचारू नकोस. मला स्वतःलाच कळलेलं नाही की ते लपवायला घेतलं की द्यायला.

ताई


२३ जून

मोठ्या मनाच्या माणसा,

ही शिवी आहे.

पान समितीला द्यायचं असं मी काल ठरवलं. एवढ्याने तुझी बाजू सिद्ध होत नाही, तू लिहून दिलं होतंस याचा कागद हवा, म्हणून मी जुन्या मेल शोधायला बसले. तुझा मेल मी केव्हाच पुसून टाकला होता, तो मिळणार नव्हताच. पण मी पाठवलेल्या मेलमध्ये, बरोबर त्याच तारखेला, माझं तुला गेलेलं उत्तर निघालं. खाली तुझं सगळं वाक्य जसंच्या तसं, आणि वर मी: 'मिळालं. भाषा भयंकर आहे. सरळ करते.'

म्हणजे हे तुझ्याकडेही होतं. चौकशीच्या दिवशी तू माझ्यासमोर लॅपटॉप उघडून बसला होतास. मी 'आठवत नाही' म्हणाले तेव्हा तुला फक्त तो समितीकडे वळवायचा होता. त्याला किती वेळ लागला असता? समिती तिथेच उठली असती आणि माझी नोकरी गेली असती. तू काही दाखवलं नाहीस. अध्यक्षबाईंनी विचारलं, तुमच्याकडे याचा काही पुरावा आहे का, आणि तू म्हणालास, नाही.

कोणी सांगितलं होतं तुला हा मोठेपणा करायला? घर माझ्या नोकरीवर चालतं आणि आई माझ्याकडे आहे, म्हणून? मी एकटी, पन्नाशी उलटलेली, प्रिंटरशेजारची बाई, हिला दुसरीकडे कोण घेणार, म्हणून? दीड वर्ष मी तुला पळपुटा म्हणत हिंडले आणि तू गावाबाहेरच्या त्या खोलीत बसून माझ्यावर दया करत होतास. मला तुझा इतका राग आला की मी कार्यालयातल्या स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून रडले. रागाने रडले, हे लक्षात ठेव. अर्धं तरी.

तू तो लॅपटॉप वळवायला हवा होतास. माझ्याशी भांडायला हवं होतंस. त्याची तर लायकी होती माझी.

समितीची शेवटची बैठक सव्वीसला आहे. मी पान आणि मेल दोन्ही घेऊन जाते आहे. तू मला अडवायला फोन करशील अशी मला भीती वाटते, म्हणून हे पत्र मी बैठक झाल्यावरच टाकणार आहे.

ताई


२८ जून

बाळा,

हे पत्र आईने लिहायला लावलं आहे. तिने सांगितलंय तसं सगळं लिहिते, म्हणून पाल्हाळ वाटला तरी सोडू नकोस.

बैठक पाऊण तास चालली. मी पान ठेवलं, मेल ठेवला. सातपैकी चौघांनी तेव्हा पहिल्यांदा लॉगमधली एक ओळ वाचली असावी. एक गृहस्थ मला म्हणाला की एजंटला शंका येऊ शकते हे त्याला माहीतच नव्हतं. तो एजंटविषयक सल्लागार आहे. अध्यक्षबाईंनी विचारलं की तेव्हा तुम्हाला खरंच आठवत नव्हतं का. मधाळ साहेब शेजारून कुजबुजला, मॅडम, थोडं मऊ करा, कामाच्या ताणात विसरले म्हणा. त्याला माझी काळजी नव्हती. मॅन्युअलवर शेवटची सही त्याची आहे, आणि ती त्याने न वाचता केली होती. मी म्हणाले, मला आठवत होतं, मी खोटं बोलले. बाईंनी ते शब्दशः लिहून घेतलं.

पुढे त्या म्हणाल्या, तुमच्या भावाने हा मेल आम्हाला का दाखवला नाही? मी म्हणाले, मला वाचवायला. असलं वाक्य मी कोणाच्या मॅन्युअलमध्ये ठेवलं नसतं, पण दुसरं काही खरं नव्हतं.

अहवालातून तुझं नाव निघालं. आता माझं आहे, आणि खाली बारीक अक्षरात साहेबाचं. अहवालातल्या त्या पानाची प्रत सोबत जोडली आहे, कुठे नोकरीसाठी दाखवावी लागली तर दाखव. माझा शुक्रवार शेवटचा. नवीन मॅन्युअल पुरं करून जाते आहे. त्यात तुझं वाक्य तुझ्या तिन्ही स्वल्पविरामांसकट घातलं आहे. ठोंब्याला दिलं, तर त्याने मोठी फाइल उघडून पाहिली. वाक्य अजूनही भयंकरच आहे.

आता आई. घरी आले तेव्हा ती टीव्हीसमोर होती. मी उभ्या उभ्या सांगितलं. तिने आवाज बंद केला आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं. रुग्णाच्या नातेवाइकांना विचारायची तसं एकेक विचारत गेली.

"म्हणजे त्याने लिहून दिलं होतं."

"हो."

"आणि तू ते काढलंस."

"हो."

"आणि मला येऊन काय सांगितलंस?"

मी तिला ते वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं. त्याने टूलमधली खोट लपवली, मुलांच्या लसी नासल्या आणि निस्तरायची वेळ आली तेव्हा पळाला. दीड वर्षापूर्वी ते बोलताना जीभ अडखळली नव्हती. परवा प्रत्येक शब्दाला अडखळली. ती मध्येच म्हणेल, पुरे, असं मला वाटत होतं. तिने मला शेवटपर्यंत बोलू दिलं.

ऐकून तिने टीव्ही पुरता बंद केला. मग म्हणाली, "तो माझ्या वाढदिवसाला आला होता. जिन्यात अर्धा तास उभा होता. मी दार उघडलं नाही."

मी तेव्हा स्वयंपाकघरात होते. तू बेल वाजवलीस, आईने आतून कडी घातली, आणि मी भांडी घासत राहिले. नळ थोडा मोठा सोडला. हे मी तिला सांगितलं नव्हतं, तेही सांगितलं. तिने माझ्याकडे जसं पाहिलं ते मी इथे लिहू शकत नाही. माझ्याकडे त्याला शब्द नाही, आणि शब्दांवर मी बावीस वर्षं पगार घेतला.

तिने तेव्हाच फोन मागितला. तिच्याकडे स्वतःचा नाही, तुला माहीत आहे. मी नंबर लावणार तेवढ्यात म्हणाली, "थांब, आत्ता नको. त्याला काही माहीत नसताना मी रडले तर तो मलाच समजावत बसेल, आणि तुला सांभाळून घेईल. त्याची ती सवय आहे. आधी तू लिही. काय केलंस ते सगळं लिही, म्हणजे त्याला तुझ्यासाठी खोटं बोलायला जागा उरणार नाही. ते त्याच्या हातात पडलं की मी बोलेन."

हे पत्र कुरियरने पाठवते आहे, शनिवारपर्यंत पोचेल. रविवारी सकाळी दहा वाजता तुझा फोन वाजेल. नंबर माझा दिसेल, आणि माझा नंबर पाहिला की तू उचलत नाहीस. तेवढा एक उचल. ऐंशी वर्षांची बाई आहे, तिच्या हातून दुसऱ्यांदा लागेलच असं नाही.

मी घरात नसेन. तिने मला बाहेर जायला सांगितलं आहे.

ताई